विजयी संघ आणि ‘आदी’

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आमच्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर एका ठरावीक साच्याची बातमी दिसू लागते. अमुक विद्यालयाच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाने जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धेत प्रथम क्रमांक पटकावला. संघाची विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. संघाला क्रीडाशिक्षक तमुक यांचे मार्गदर्शन लाभले. या यशाबद्दल संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शालेय समितीचे सदस्य यांनी अभिनंदन केले. सोबत छायाचित्र असते. पुढे जमिनीवर बसलेल्या १२ मुली, मागे उभे असलेले ९ पुरुष. छायाचित्राखाली ओळीने नावे असतात, ती मागच्या ९ जणांची.

हा नमुना आम्ही दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो आणि एकच प्रश्न विचारतो : सामना कोण खेळले? विद्यार्थी हसतात. आम्हीही हसतो. परंतु हसून झाल्यावर या प्रश्नाचे उत्तर मिळवायला बसले की ते किती अवघड आहे, याची जाणीव आम्हांला फार उशिरा झाली. त्या उशिरा आलेल्या जाणिवेविषयी थोडे लिहावे, असे मनात आहे.

आम्ही जालना जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करणारे तिघे. क्रीडापत्रकारितेशी आमचा संबंध नाही. आमच्यापैकी एक जण मात्र शाळेत असताना कबड्डी खेळत असे. १९९०च्या दशकात त्याच्या शाळेचा संघ तालुक्यात पहिला आला तेव्हा बातमी छापून आली होती. तीत दोन खेळाडूंची नावे होती आणि पुढे ‘आदी खेळाडूंनी उत्कृष्ट खेळ केला’ असे वाक्य होते. आमचे हे मित्र तेव्हापासून स्वतःची ओळख ‘आदी’ अशी करून देतात. संस्कृतात ‘आदि’ म्हणजे आरंभ. मराठी बातमीत तो शेवटी येतो आणि ज्यांच्यापासून आरंभ व्हायला हवा त्यांनाच पोटात घेतो. ‘आदी’, ‘इतर’, ‘व सहकारी’, ‘आणि चमू’ हे आमच्या वृत्तलेखनातील मोठे सोशिक शब्द आहेत; कोणाचीही माहिती नसली तरी ते चालून जातात.

उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत वृत्तलेखन हा घटक आहे. वर्गात बसून काल्पनिक अपघाताची बातमी लिहिण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी मैदानावर जावे, असे आम्हांला वाटले. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही ११ विद्यार्थ्यांना शालेय कबड्डी आणि खो-खोच्या सामन्यांना पाठवले. परतले तेव्हा गुणफलक सर्वांकडे होता. उद्घाटनाचे भाषणही सर्वांकडे होते. (समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, तेव्हा इथल्या क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनात बलोपासनेचा उल्लेख टळणे शक्य नाही.) विजयी संघाची पूर्ण नावे मात्र एकाकडेही नव्हती. एका मुलाने तीन नावे आणली होती, त्यांतील दोन टोपणनावे निघाली. आम्ही रागावलो. पुढच्या वर्षी आम्ही स्वतः बरोबर गेलो आणि मग मुकाट्याने राग आवरता घेतला.

पहिली अडचण पाठीवरच्या क्रमांकांची. कागदोपत्री प्रत्येक खेळाडूला क्रमांक असतो. मैदानावर एका संघातील दोन मुलांच्या पाठीवर ७ होता, कारण दोघांनाही तोच हवा होता आणि दोघांनीही आपापला टी-शर्ट घरून आणला होता. तिसऱ्याच्या पाठीवर एका पतसंस्थेची जाहिरात होती. सकाळी १४ वर्षांखालील गटात जो ४ क्रमांकाचा मुलगा चढाई करताना पाहिला, तोच ४ क्रमांक दुपारी १९ वर्षांखालील गटात पकडी करताना दिसला. लहान्यांचे कपडे मोठ्यांनी मागून घेतले होते आणि ते पोटावर चढले होते. तेव्हा क्रमांक पाहून नाव शोधावे, ही सोय संपली.

दुसरी अडचण हाका मारण्याच्या पद्धतीची. कबड्डीच्या मैदानावर कोणी कोणाला कागदावरच्या नावाने हाक मारत नाही. ‘पप्या, कोपरा धर!’, ‘बाळ्या, बोनस घे!’ आमच्या विद्यार्थ्याने वहीत ‘पप्या’ लिहून घेतले. सामना संपल्यावर संघातल्या चार जणांना पप्याचे पूर्ण नाव विचारले तर दोघांनी वेगवेगळी आडनावे सांगितली आणि दोघांना ठाऊकच नव्हते. पप्याला शोधेपर्यंत तो रस्त्यावर पोचला होता. संघ सामना संपताच निघतात. साडेपाचची एस. टी. चुकली तर मुक्कामाची पाळी येते.

उरले क्रीडाशिक्षक. त्यांच्याकडे पाहून कोणालाही प्रश्न विचारण्याचे धाडस होऊ नये. एका माणसाच्या जिम्म्यात तीन संघ, एका खांद्याला ओळखपत्रांची पिशवी, दुसऱ्या हातात प्रथमोपचाराची पेटी, खिशात वडापावच्या पैशांचा हिशेब. ‘यादी दिलीय टेबलावर, तिकडून घ्या.’ टेबलावर गुणलेखक. तो म्हणाला, ‘सामना चालू आहे, नंतर या.’ नंतर गेलो तेव्हा पुढचा सामना चालू होता. अंतिम सामन्यानंतर गेलो तेव्हा कागद बांधून झाले होते. यात कोणाची आडमुठी नव्हती. सर्व जण कामात होते. एवढेच की नावे सांगणे हे त्यांतील कोणाचेच काम नव्हते.

गंमत अशी की माहिती नाही, असे मुळीच नाही. शालेय स्पर्धांची उतरंड सर्वांना परिचित आहे : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक खेळाडूचा कागद भरला जातो. त्यात नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील क्रमांक, छायाचित्र आणि मुख्याध्यापकांची सही असते. गावातल्या त्या मुलीविषयी इतकी तपशीलवार माहिती तिच्या काकालाही सांगता येणार नाही. परंतु ही सारी माहिती ती पात्र आहे की नाही, हे ठरवण्यासाठी गोळा होते. ती कोण आहे, हे सांगण्यासाठी नव्हे. कागद वर सरकतो आणि नाव त्याच्याबरोबर निघून जाते.

शिवाय शाळांना नावे बाहेर द्यायची नसतात, याचे एक कारण उघडपणे बोलले जात नाही. वयोगटाच्या स्पर्धेत वय हाच वादाचा विषय. विरुद्ध संघ हरकत घेतो, जन्मदाखला मागतो, हा मुलगा गेल्या वर्षी दुसऱ्या शाळेत होता, असे सांगतो. पुष्कळदा हरकत खोडसाळ असते, काही वेळा खरी असते. बातमीत नाव, इयत्ता आणि गाव छापून आले की हरकत घेणाऱ्याच्या हाती आयता पुरावा लागतो. म्हणून ज्या शाळेचे सारे चोख आहे तीही सावधपणे ‘आमच्या संघाने’ एवढेच सांगते. एका क्रीडाशिक्षकांनी आम्हांला सरळ सांगितले, ‘सर, नावं राज्यावरून परत आल्यावर देतो.’ संघ विभागात हरला. नावे अर्थातच मिळाली नाहीत.

या पार्श्वभूमीवर तालुका वार्ताहराला दोष देणे आम्हांला आता जमत नाही. तो पूर्णवेळ पत्रकार नसतो. त्याचे स्वतःचे दुकान किंवा शेती असते, मानधन नाममात्र असते आणि नेत्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती मिळवण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. भोकरदनला खो-खो आणि त्याच दिवशी मंठ्याला कुस्ती असेल, तर जिल्ह्याचा क्रीडावार्ताहरही दोन्हीकडे कसा पोचणार? म्हणून तो शाळेकडून आलेले प्रसिद्धिपत्रक छापतो. ते पत्रक कोण लिहितो? शाळेतील एखादा सहशिक्षक, बहुधा आमचाच माजी विद्यार्थी, मराठीचा पदवीधर. आणि तो ते कोणासाठी लिहितो? जे उद्या सकाळी आपले नाव शोधणार आहेत, आणि सापडले नाही तर विचारणार आहेत, त्यांच्यासाठी. नववीतली मुलगी विचारायला येत नाही. बातमीतील नावांचा क्रम असा ठरतो.

समजा, नावे मिळाली. पुढचा प्रश्न आमच्या विषयाचा आहे, म्हणून इथे अंमळ थांबतो. याद्या आता बहुतेक इंग्रजीत असतात, कारण आधार इंग्रजीत, संगणकावरील प्रवेशिका इंग्रजीत. मराठी नाव रोमन लिपीत जाते तेव्हा ळ आणि ल एक होतात, ण आणि न एक होतात, ट आणि त, ड आणि द, ऱ्हस्व आणि दीर्घ सारे एकाच दावणीला बांधले जातात. वार्ताहर ते नाव पुन्हा देवनागरीत आणतो तेव्हा त्याला अंदाजाने निवड करावी लागते. काळेचा काले होतो. मुळे आडनावाचा मुलगा ‘मुले’ होतो आणि मग ‘मुले याने चार मुले बाद केली’ असे वाक्य जन्माला येते. गाडेचा गडे, ढाकणेचा धाकने. यंत्राने लिप्यंतर केलेल्या ओळखपत्रांवरची रूपे तर सांगायची सोय नाही. मुसलमान मुलांच्या नावांची अवस्था अधिक बिकट. सय्यद, सैय्यद, सयद अशी तीन रूपे आम्ही एकाच संघाच्या एकाच बातमीत पाहिली, आणि ते तिघे सख्खे भाऊ होते की काय, असा वाचकाचा समज व्हावा.

हे शाळकरी पोरांच्याच वाट्याला येते, असेही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. अभिजित कटकेला हरवून ज्या मल्लाने गदा जिंकली त्याचे नाव बाला रफिक, बाला रफीक, बालारफिक अशा निरनिराळ्या तऱ्हांनी छापून आले. आणि तो कुठला? बुलढाण्याकडून खेळलेला म्हणून बुलढाण्याचा, आणि मूळ गाव करमाळा तालुक्यातले म्हणून सोलापूरचाही. दोन्ही खरे. राज्यातल्या सर्वांत मोठ्या कुस्तीच्या विजेत्याबाबत हे होत असेल, तर मंठ्याच्या नववीतल्या मुलाचे काय!

क्रिकेटचे तसे होत नाही, आणि याचे कारण केवळ त्या खेळामागचा पैसा नाही. क्रिकेटला वही आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, हे आज कोणीही सांगू शकतो. तो शाळेचा सामना होता, खेळणारी मुले होती. पण गुणपुस्तिकेत प्रत्येक चेंडूसमोर एक नाव लिहावेच लागते, आणि हे नाव केवळ जिंकणाऱ्याचे नसते. त्या दिवशी ज्यांची गोलंदाजी झोडपली गेली त्यांत सेंट झेवियर्सचा साईराज बहुतुले होता, हेही आपल्याला ठाऊक आहे. पुढे तो भारताकडून कसोटी खेळला. हरलेल्याचे नाव जपणारी अशी वही कबड्डीला असती तर!

आमच्या जालन्याचेच उदाहरण घ्या. विजय झोलने २०११ मध्ये १९ वर्षांखालील मुलांच्या कूच बिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. त्याचे ‘झोल’ हे आडनाव परप्रांतीय समालोचकांच्या तोंडी निराळेच होत असे, ही बाब सोडा. आकडा मात्र कोणालाही पुसता आला नाही. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातून कबड्डीच्या राज्यस्पर्धेला कोण कोण गेले? आम्ही वृत्तपत्रांचे जुने गठ्ठे चाळून पाहिले. शाळांची नावे सापडली.

खो-खोची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि मराठी क्रीडालेखनाला ती भूषणावह आहे. खो-खोच्या बातमीत अमुकने २ मिनिटे १० सेकंद संरक्षण केले, तमुकने ४ गडी टिपले, असा तपशील प्रत्येक खेळाडूच्या नावासमोर कंसात देण्याची रीत आपल्याकडे रुजली आहे. खेळच असा की पळती करणारा कोणत्या क्रमाने उतरला आणि किती वेळ टिकला, हे लिहिल्यावाचून निकाल लागत नाही. देशी खेळांना वृत्तपत्रात मानाचे पान मिळावे यासाठी वि. वि. करमरकर यांनी महाराष्ट्र टाइम्समधून जो आग्रह धरला, त्याचे ऋण इथे मान्य केले पाहिजे. २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या पिढीने राष्ट्रीय आणि राज्य स्पर्धांसाठी ही शिस्त घातली. ती जिल्ह्यापर्यंत उतरली नाही. पुढे धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळे भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, तेव्हा मराठवाड्यातल्या मुलींच्या नावांपुढे ही मिनिटे-सेकंदे लागलेली पाहून आम्हांला मनापासून आनंद झाला. परंतु या मुली शाळेकडून खेळत होत्या त्या दिवसांत त्यांच्यासोबत पळणाऱ्या बाकीच्या मुली कोण होत्या?

बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे गाव, शाळा, शाळेपर्यंतची पायपीट हे सारे आपण त्याचे विक्रम झाल्यावर वाचले. माहिती मागाहून येते, आणि ती यशस्वी झालेल्याचीच येते.

आता मुलींविषयी. आमच्याकडे प्रथम वर्षाला आलेली एक विद्यार्थिनी खो-खो खेळलेली होती. तिच्या शाळेचा संघ जिल्ह्यात पहिला आला होता. ती संघाची कर्णधार होती. तिने बातमीचे कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवले होते. दाखवताना छायाचित्रावर बोट ठेवून म्हणाली, ‘ही मी.’ बातमीत कुठेही ती नव्हती. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि शालेय स्पर्धांच्या पुढच्या फेऱ्याही त्याच दिवसांत येतात. विभागीय स्पर्धेच्या वेळी ती फडावर होती. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. आम्ही म्हणालो, जिल्ह्याचे प्रमाणपत्र तर आहे ना, त्यावर नाव आहे. ती म्हणाली, ‘ते कामाला येतं सर. हे आईसाठी होतं. तिला वाचता येत नाही, पण मी वाचून दाखवलं असतं.’

प्रमाणपत्र कामाला येते, हे खरेच आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण, यांसाठी तोच कागद लागतो. आणि म्हणूनच बनावट क्रीडाप्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात वेळोवेळी गाजली. आम्हांला वाटते, या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे. ज्या स्पर्धेत कोण खेळले हे दुसऱ्या दिवशी गावाने वाचलेले नसते, त्या स्पर्धेत कोणीही खेळले होते, असे दहा वर्षांनी सांगता येते. बारा नावे वेळेवर छापून येणे ही एक प्रकारची साक्ष असते.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. मैदानावर आमच्या एका विद्यार्थिनीने कबड्डीच्या संघातील मुलीला नाव विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, माझं नाव नका टाकू पेपरात. घरी सांगितलं नाही.’ तिने घरी जादा तासाला जाते, असे सांगितले होते. आमच्या विद्यार्थिनीने नाव टाकले नाही. ते योग्यच केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची संमती हवी, असे म्हटले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलावर साऱ्या जगाचे कॅमेरे कसे रोखले गेले, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या वडिलांनी खेळ मंदावला म्हणून शिष्यवृत्ती कशी परत केली, हे आपण पाहिले आहे. म्हणून आमची मागणी तोकडी आहे. जन्मतारीख नको, पत्ता नको, भ्रमणध्वनी तर नकोच. नाव, इयत्ता आणि तिने मैदानावर काय केले, एवढे पुरे. आणि ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीचे ‘नको’ ऐकावे.

आडनावाविषयी मात्र आमच्यात एकमत झाले नाही. २०२३ पासून अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे नाव राज्यात सर्वतोमुखी झाले, आणि तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात आडनाव वाचताना वाचणाऱ्याच्या मनात दुसरेच गणित सुरू होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, शालेय बातमीत नुसती पहिली नावे द्यावीत. संघात कोणत्या समाजाची किती मुले, याची मोजदाद तरी टळेल. उरलेल्या दोघांना हे पटत नाही. शासनाने २०२४ मध्ये आईचे नाव मुलाच्या नावापुढे लिहिण्याची पद्धत आणली; अशा काळात नाव अधिक पूर्ण व्हावे की अधिक तोकडे? मुलगी आपले नाव जसे सांगते तसे छापावे, एवढ्यावर आम्ही तूर्त थांबलो आहोत. वाद अजून चालू आहे.

लीळाचरित्र शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या घरबसल्या नव्हेत. ज्याने जी लीळा पाहिली त्याला गाठून त्यांनी ती ऐकली, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. आणि पुढे परंपरेने कोणता पाठ कोणाचा, हेही नावानिशी जपले. मराठी गद्याचा आरंभ असा विचारून, पडताळून, नाव नोंदवून झालेला आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला हे होऊ शकले तर एकविसाव्या शतकात बदनापूरला का होऊ नये, असे आम्ही वर्गात म्हणतो, आणि विद्यार्थी पुन्हा हसतात. कारण म्हाइंभटांना साडेपाचची एस. टी. पकडायची नव्हती.

तरीही या वर्षी आम्ही एक बदल केला. विद्यार्थ्यांच्या हाती एक दुरेघी वही दिली आणि सांगितले, सामना संपल्यावर नव्हे, सुरू होण्यापूर्वी संघ ओळीने बसलेला असतो तेव्हा जा. नाव विचारू नका. वही पुढे करा आणि खेळाडूलाच देवनागरीत नाव लिहायला सांगा. ज्याला लिहायचे नसेल त्याने वही पुढे द्यावी. ही युक्ती साधी होती, पण तिने लिप्यंतराचा प्रश्न मिटला, टोपणनावांचा मिटला आणि परवानगीचाही बराचसा मिटला. काहींनी पूर्ण नाव लिहिले, काहींनी आईचे नाव मध्ये घातले, एका मुलीने स्वतःच्या नावापुढे ‘डावा कोपरा’ असे लिहिले. एका मुलाने आपले जोडाक्षर दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर केले. दोघींनी वही पुढे सरकवली.

चार सामन्यांची बातमी विद्यार्थ्यांनी लिहिली, आम्ही ती तपासली आणि एका स्थानिक दैनिकाकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी ती आली. जागेअभावी तीतली नावे गाळली होती. उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि आभार मानणारे राहिले होते. शेवटी संपादकीय विभागाने स्वतःहून एक वाक्य जोडले होते : ‘यशस्वितेसाठी मराठी विभागाचे प्राध्यापक आदींनी परिश्रम घेतले.’

आमचे कबड्डीपटू मित्र त्या दिवशी विलक्षण खुशीत होते. वही विभागाच्या कपाटात आहे. त्या संघांपैकी कोणाला पाहायची असेल तर यावे.